अकरा मिनिटे

किसुमूच्या कोर्टात पंखा आहे,
फिरतो, पण वारा स्वतःपाशीच ठेवतो.
शहाण्यानं चढू नये म्हणतात ती पायरी
मी सकाळी चढलो,
विद्यापीठाच्या गाडीतून उतरून, इस्त्रीच्या शर्टात,
विद्यापीठाचाच साक्षीदार.

समोर डॉर्कस अचोला.
नर्सिंग, तिसरं वर्ष, बैठक क्रमांक दोनशे सात.
मागच्या बाकावर तिची आई,
लेसोला ओमेनाचा वास,
सरोवरकाठी वाळवलेल्या त्या बारीक सुकटीचा.

वकील किबोइत उभे राहिले.
नियम चौदा, पोटनियम क:
पंधरा मिनिटांपेक्षा कमी व्यत्यय
हा व्यत्यय नव्हे.
आणि नोंदवहीत काय लिहिलंय, मिस्टर ओटुओमा?
अकरा, मी म्हणालो.
अक्षर कुणाचं?
माझं.

त्या दिवशी फाटकाबाहेर फीवाढीविरुद्ध मोर्चा होता.
पहिलं नळकांडं अंगणात पडलं,
दुसरं खिडकीतून आत.
काच फुटल्याचा आवाज आठवत नाही मला,
आठवतो दोनशे खुर्च्यांचा,
एकदम मागे सरकलेल्या.
मुलं बाकांखाली, ओले रुमाल तोंडावर,
आणि मी खोकत ओरडतोय,
उत्तरपत्रिका बाहेर न्यायच्या नाहीत!
तेवढं एकच वाक्य मला पाठ होतं.

तिची उत्तरपत्रिका आता निशाणी पाच आहे.
पान सात, प्रश्न चौथा:
बाळंतपणानंतर रक्त थांबत नसेल तर काय कराल?
तिनं लिहिलंय, *सर्वप्रथम हाताने*
आणि तिथून रेघ घसरत गेलीय
थेट समासाबाहेर.
शून्य. दोन गुणांनी नापास.
अर्धवट वाक्याला गुण नसतात, किबोइत म्हणाले,
आणि त्यांचंही खरं होतं.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला.
हाताने काय?

गर्भाशय चोळायचं, माय लेडी, डॉर्कस म्हणाली,
पोटावरून, ते घट्ट होईपर्यंत.
आणि हाक मारायची. हात न काढता.
एकटीनं निभावायला जायचं नाही.
मागच्या बाकावर आई मान हलवत होती,
सहा बाळंतपणं पाहिलेली मान.

मग तिची वकील उठली. अगदी तरुण,
झगा उसना असावा, बाह्या बोटांवर येत होत्या.
वेळ कुठल्या घड्याळात पाहिलीत?
हॉलच्या.
ते चालू होतं?

मला कुलसचिवांच्या खोलीतला चहा आठवला.
तीन दिवसांनी बोलावलं होतं नोंदवही घेऊन.
अंदाजे भरा हो, चौकट दोन आकडी आहे,
असं म्हणत बिस्किटांची बशी पुढे सरकवली होती.
दहा फार गोल दिसलं असतं.
वीस मिनिटं होती की तीस,
डोळ्यांतून पाणी वाहत असताना कोण मोजतं?
मी अकरा लिहिलं, आणि बिस्कीट घेतलं.

नव्हतं, मी म्हणालो.
फेब्रुवारीपासून पावणेचारवर उभं आहे.
सेलसाठी अर्ज मीच केलाय. दोनदा.

किबोइतांनी माझ्याकडे पाहिलं,
आपलाच कुत्रा आपल्याला चावावा तसं.
टंकलेखिकेनं मान वर केली:
दोनदा, हे लिहू का?
लिहा, न्यायाधीशबाई म्हणाल्या.

निकाल राखून ठेवला. पुढची तारीख सतरा.
परतीच्या गाडीत मला जागा नव्हती,
म्हणजे चार रिकाम्या होत्या.

व्हरांड्यात डॉर्कस भिंतीला टेकून
शेंगदाणे खात होती, वहीवर वही ठेवून.
दोनला तिची वॉर्डातली पाळी.
सर, किती वाजले?
तोंडात आलेला आकडा मी गिळला
आणि मनगट पुढे केलं,
तिनंच बघावं म्हणून.